विमानावर वीज कोसळते तेव्हा : वैमानिकांचे अनुभव

ढगाआड

वळिवाचे दिवस आले की ओळखीपाळखीतून एक प्रश्न हमखास येतो, "विमानावर वीज पडली तर काय होतं हो?" दोन वाक्यांत उत्तर देता येतं. प्रत्येक प्रवासी विमानावर सरासरी वर्षातून एकदा वीज पडतेच, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी ते विमान सुखरूप उतरतं. पण एवढ्याने कुणाची भीती जात नाही, आणि ते मला पटतं. आत काय घडतं ते ठाऊक नसेल तर नुसता दिलासा काय कामाचा? म्हणून हा धागा.

मी ए-३२० उडवतो. कोलकात्याची एक रात्र सांगतो. एप्रिल-मे मध्ये तिकडे कालबैशाखी उठते. छोटा नागपूरच्या तापलेल्या पठारावर ढग उभे राहतात, बंगालच्या उपसागराची दमट हवा त्यांना मिळते आणि संध्याकाळपर्यंत ते आग्नेयेकडे सरकत शहरावर येतात. ढगांचे माथे १५ किलोमीटरच्याही वर जातात, त्यामुळे वरून ओलांडून जाण्याचा विचारच नको. आम्ही दक्षिणेकडून लांबचा वळसा घेतला होता. रडारवर लाल आणि पिवळं सगळं डाव्या हाताला, आमच्या वाटेवर फक्त हिरवं. उंची १५ हजार फुटांच्या आसपास, बाहेर तापमान शून्याच्या आगेमागे, आणि आम्ही ढगात.

आधी हेडफोनमध्ये खरखर सुरू झाली. एटीसीचा, म्हणजे जमिनीवरच्या हवाई नियंत्रकाचा, आवाज तिच्यात बुडायला लागला. मग समोरच्या काचेवर निळ्या-जांभळ्या नागमोडी रेषा धावू लागल्या. वायपरच्या टोकावर जांभळट उजेड धरून राहिला होता. ही सेंट एल्मोची आग. ती स्वतः काही करत नाही, पण विमानाभोवतीचं विद्युत क्षेत्र किती ताणलं गेलंय ते सांगते. मी फर्स्ट ऑफिसरला म्हटलं, "दिवे." त्याने वरचा दिवा पूर्ण उजेडावर केला. रात्री आपण कॉकपिट अंधारं ठेवतो, डोळे अंधाराला सरावलेले असतात. अशा डोळ्यांसमोर वीज चमकली तर कितीतरी सेकंद काहीच दिसत नाही, अगदी समोरचे पडदेसुद्धा. आधीच भरपूर उजेड असेल तर दिपणं कमी होतं. जुने कॅप्टन तर एकाला मान खाली घालून फक्त उपकरणांकडे बघायला सांगत.

पुढे जे झालं ते नाकाच्या टोकावर झालं. सगळी काच पांढरी, आणि त्याच क्षणी आवाज. गडगडाट घरंगळत जातो तसा नाही, एकच कोरडा ठोका. तो पायाखालून जाणवला. मग ओझोनचा तिखट वास.

आणि मग? ऑटोपायलट चालू. पडदे क्षणभर लुकलुकले आणि परत आले. दोन्ही इंजिनांचे आकडे जागच्या जागी. मी विमान बघत होतो, फर्स्ट ऑफिसर पडद्यावरचं एकेक पान उघडून वाचत होता : वीज, इंधन, हायड्रॉलिक्स, केबिनचा दाब. सगळं ठीक. मिनिटाभरात केबिनमधून इंटरकॉम वाजला. सीनियर क्रू म्हणाली, "कॅप्टन, पंखावर काहीतरी फुटल्यासारखं वाटलं, लोक घाबरलेत." मी घोषणा केली : वीज विमानाला चाटून गेली आहे, विमान व्यवस्थित आहे, २० मिनिटांत उतरतो. असं थेट सांगितलेलं बरं असतं. "तांत्रिक आवाज होता" म्हटलं की लोक आणखी घाबरतात.

इथे विमान क्षेत्रातली बरीच मंडळी आहेत हे माहीत आहे. आपापले अनुभव लिहा.

केतकीचं_पान

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी नेहमी खिडकीशी बसते आणि ढग दिसले की आईने शिकवलेलं रामरक्षेचं पहिलं कडवं सुरू करते.

पुण्याहून दिल्लीला जाताना पंखाच्या टोकाशी वीज पडलेली मी पाहिली आहे. डोळे मिटून घेतले तरी पापण्यांमागे ती रेघ दिसत होती. शेजारच्या आजी शांत होत्या, मलाच धरून बसल्या. माझा प्रश्न असा : वीज विमानावर पडली तर ती आपल्यापर्यंत का पोचत नाही? आणि हल्ली म्हणे विमानं प्लॅस्टिकसारख्या पदार्थाची बनवतात. मग?

रात्रपाळी

ताई, मी विमानांचा देखभाल अभियंता, मुंबईला लाइनवर. वैमानिकांची गोष्ट संपते तिथे आमची सुरू होते.

अ‍ॅल्युमिनियमचं विमान म्हणजे सलग धातूचं कवच. वीज एका टोकाला शिरते, कवचाच्या बाहेरच्या अंगाने वाहते आणि दुसऱ्या टोकातून निघून जाते. आतल्या माणसाला विजेचा स्पर्श होत नाही. मायकेल फॅरडेने १८३६ मध्ये धातूच्या पत्र्याने मढवलेल्या खोलीत बसून हेच दाखवलं होतं. बाहेरून विजेचे झटके देत राहिले, आत त्याच्या उपकरणाला काही कळलं नाही.

कार्बन कंपोझिटची गोष्ट वेगळी. बोइंग ७८७ च्या वजनापैकी निम्मं असं कंपोझिट आहे आणि ते अ‍ॅल्युमिनियमइतकी वीज वाहत नाही. म्हणून रंगाच्या खाली, कातड्याच्या वरच्या थरात तांब्याची बारीक जाळी बसवलेली असते. प्रवाह त्या जाळीतून पसरतो. ए-३५० मध्येही जाळी आहे. वीज पडली तर तेवढ्या भागातला रंग आणि जाळी जळते. ती दुरुस्त करणं कटकटीचं असतं, पण विमान शाबूत राहतं.

आता आमचं काम. कॅप्टन टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत, "लायटनिंग स्ट्राइक सस्पेक्टेड" (वीज पडल्याचा संशय) असं लिहून जातो. कुठे पडली ते त्याला नक्की माहीत नसतं, बहुधा "नाकाजवळ" एवढंच. मग मी आणि टेक्निशियन टॉर्च, शिडी, चेरी पिकर घेऊन नाकापासून शेपटीपर्यंत फिरतो. पावसाळ्यात हे काम रात्री दोन वाजता, अंगावर पाणी घेत. विजेची आत येण्याची जागा बहुतेक वेळा रेडोमच्या (नाकावरच्या रडारच्या टोपीच्या) मागच्या कडेला, वेग मोजणाऱ्या पिटो नळीजवळ नाहीतर इंजिनच्या झाकणावर सापडते. बाहेर पडण्याची जागा शेपटीला, आडव्या पंखाच्या टोकाला किंवा मुख्य पंखाच्या टोकाला.

पण खरी गंमत मधल्या खुणांची. वीज सेकंदाचा काही अंशच टिकते आणि तेवढ्यात विमान पुढे सरकतं. विजेची वाट हवेत जागच्या जागी असते, म्हणून तिचं टोक विमानाच्या अंगावरून मागे घसरत जातं आणि ठिकठिकाणी चिकटतं. पोटाखाली टॉर्च तिरपी धरली की रिव्हेटच्या डोक्यांवर काळे बारीक ठिपके एका ओळीत दिसतात, फरशीवर फुलबाजीच्या ठिणग्या पडून राहतात तसे. बोट फिरवलं तर कडा खरखरीत लागते, कारण धातू वितळून परत थिजलेला असतो. प्रत्येक ठिपका मोजायचा, खोली बघायची, पुस्तकातल्या मर्यादेशी ताडायची, आराखड्यावर नोंदवायचा. रेडोमवर नाण्याने टकटक करून ऐकायचं. आवाज भरीव आला तर ठीक, पोकळ आला तर आतले थर सुटलेत. मग रेडोम बदलायचा. कंट्रोल सरफेसना, म्हणजे विमान वळवणाऱ्या हलत्या भागांना, कवचाशी जोडणाऱ्या बाँडिंगच्या तारा तपासायच्या. स्टँडबाय होकायंत्र तपासायचं, कारण एवढा प्रवाह गेल्यावर आसपासच्या लोखंडी भागांत चुंबकत्व येऊ शकतं.

सकाळच्या फ्लाइटला उशीर झाला की प्रवासी चिडतात. "काल तर व्यवस्थित उतरलं ना?" असं विचारतात. उतरलं, खरं आहे. पण न बघितलेल्या खुणा घेऊन परत उडवायचं नाही, म्हणून हा उशीर.

पहिलं_सोलो

सर, मी गोंदियाला ट्रेनिंग करतोय. पंखांच्या मागच्या कडेला त्या पातळ काड्या असतात, स्टॅटिक विक. त्या विजेपासून वाचवण्यासाठीच ना? आमच्या बॅचमध्ये यावर वाद झालाय.

रात्रपाळी

नाही, मित्रा. हा गैरसमज फार जुना आहे. विमान पावसातून, बर्फकणांतून जाताना घर्षणाने त्याच्यावर भार साचतो. तो भार हळूहळू हवेत सोडून द्यायला त्या काड्या. नाहीतर रेडिओत खरखर इतकी वाढते की बोलणं ऐकू येत नाही. वर कॅप्टन साहेबांनी लिहिलंय तीच खरखर. वीज टाळण्याची ताकद त्यांच्यात नाही. उलट वीज बाहेर पडताना बऱ्याचदा त्यांच्यातूनच पडते आणि आम्हाला सकाळी अर्धी वितळलेली काडी मिळते.

विजेसाठी मुद्दाम बसवलेली गोष्ट पाहायची तर रेडोमवर बघ. रडारच्या लहरी जाव्यात म्हणून रेडोम धातूचा नसतो. त्याच्यावर नाकाच्या टोकाकडून मागे जाणाऱ्या धातूच्या पट्ट्या असतात, डायव्हर्टर स्ट्रिप. वीज त्या पट्टीवरून कवचाकडे जाते, रेडोमला भोक पडत नाही.

मेघमापी

ढगाआड यांनी "हिरव्यातच होतो, लालपासून लांब होतो" असं लिहिलंय. त्यावर थोडं भौतिकशास्त्र, कारण मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

लोक समजतात की वीज कुठेतरी पडणारच होती आणि विमान मध्ये आलं. बहुतेक वेळा तसं नसतं. नव्वद टक्क्यांच्या आसपास घटनांत वीज विमानामुळेच सुरू होते. ढगातलं क्षेत्र आधीच ताणलेलं असतं, पण ठिणगी पडण्याइतकं नसतं. तिथे लांब, टोकदार, वाहक वस्तू शिरली की तिच्या टोकांशी क्षेत्र अनेक पटींनी वाढतं. एका टोकातून धन भाराची शाखा निघते, लगेच दुसऱ्या टोकातून ऋण भाराची, आणि दोन्हीकडे वाढत ती ढगातल्या भारांना जोडतात. विमान त्या वाटेचा मधला तुकडा होतं.

हे शोधलं कुणी? नासाच्या लँगली केंद्राने १९८० ते १९८६ या काळात एफ-१०६ बी हे लढाऊ विमान मुद्दाम वादळांत घातलं. त्याला एकूण ७१४ वेळा विजेचा फटका बसला. एका उड्डाणात, ३८ हजार फुटांवर, पाऊण तासात ७२ वेळा! वैमानिक आणि मागे बसलेला संशोधक दोघेही दरवेळी परतले. आज विमानांना प्रमाणपत्र देताना विजेच्या ज्या चाचण्या घेतात, त्यांतल्या बऱ्याच गोष्टी त्या विमानाच्या अंगावरच्या खुणांनी शिकवल्या.

आता हिरव्याबद्दल. विमानाचं रडार पाण्याचे थेंब बघतं, वीज बघत नाही. कोरडे बर्फाचे स्फटिक तर त्याला फारच अंधुक दिसतात. पण ढगात भार वेगळे होतात ते मऊ बारीक गारा आणि बर्फस्फटिक यांच्या टकरीतून, शून्य अंशाच्या रेषेच्या वर. म्हणून प्रवासी विमानांवर सर्वाधिक विजा त्याच रेषेच्या आसपास पडतात, चढताना किंवा उतरताना, ढगात, पावसात. बऱ्याचदा त्या ढगात आधी एकही वीज चमकलेली नसते.

मी पुण्यात पाषाणला काम करतो. आमच्या संस्थेचं, भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेचं, विजांचं स्थान टिपणारं सेन्सरचं जाळं देशभर पसरलं आहे. 'दामिनी' अ‍ॅप त्यावरच चालतं. शेतात काम करणाऱ्यांनी ते जरूर वापरावं. आपल्याकडे विजेचे बळी विमानात जात नाहीत, उघड्या रानात आणि झाडाखाली जातात, आणि दर उन्हाळ्यात मराठवाडा-विदर्भातून ती बातमी वाचताना जीव तुटतो.

प्रश्नोपनिषद

सगळं वाचलं, माहिती उत्तम. पण "जवळजवळ प्रत्येक वेळी" मधल्या "जवळजवळ"वर अडलोय. विजेने विमान पडल्याच्या घटना आहेत की नाहीत? असतील तर त्या इथे लिहिल्या गेल्या पाहिजेत. नुसता दिलासा नको, असं धागालेखकांनीच म्हटलंय.

ढगाआड

आहेत, आणि त्या लिहायलाच हव्यात.

८ डिसेंबर १९६३. पॅन अ‍ॅमचं बोइंग ७०७, फ्लाइट २१४. सान हुआनहून बाल्टिमोरला येऊन फिलाडेल्फियाकडे निघालेलं. तिथे हवा वाईट, म्हणून बाकी विमानांसोबत आकाशात घिरट्या घालत थांबलेलं. डाव्या पंखावर वीज पडली, टोकाकडच्या टाकीतली इंधनाची वाफ पेटली, पंख तुटला. मेरीलँडमधल्या एल्कटनजवळ विमान कोसळलं, ८१ जण गेले. शेवटचा संदेश आला तो विमान हाताबाहेर गेल्याचा, आणि ते आगीत खाली चाललंय हे जवळच घिरट्या घालणाऱ्या दुसऱ्या विमानाच्या सहवैमानिकाने रेडिओवर सांगितलं. टाकीत दोन प्रकारचं इंधन मिसळलेलं होतं, त्यातलं एक सहज पेटणारं.

९ मे १९७६. इराणच्या हवाई दलाचं मालवाहू ७४७, माद्रिदच्या वाटेवर. पुन्हा डाव्या पंखातली टाकी, पुन्हा वाफ. सतराही जण गेले. त्यात जेपी-४ हे लष्करी इंधन होतं, थंड हवेतही वाफ सोडणारं.

या दोन अपघातांनी आजचं विमान घडवलं, असं मी मानतो. टाकीवरचा पत्रा किती जाड असावा, झाकणं आणि जोड कसे बसवावेत म्हणजे आतल्या बाजूला ठिणगी उडणार नाही, हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडाशी ज्योत आत कशी शिरू नये, सगळं ठरलं. इंधनही बदललं. आपण जे जेट ए-१ वापरतो ते ३८ अंशांखाली पेटण्याइतकी वाफ देत नाही. पुढे १९९६ मध्ये न्यूयॉर्कजवळ टीडब्ल्यूए ८०० च्या टाकीत स्फोट झाला. तो विजेने नव्हता, पण त्यानंतर टाकीतल्या हवेत नायट्रोजन भरून प्राणवायू कमी करण्याचा नियम आला, आणि त्याचा फायदा इथेही होतो.

तिसरी घटना २४ डिसेंबर १९७१ ची. पेरूमधलं लान्सा ५०८, लॉकहीड इलेक्ट्रा. नाताळच्या आदल्या दिवशी सगळ्यांना घरी पोचायचं होतं आणि विमान वादळात घातलं गेलं. वीज पडली, पंख पेटला, विमान अ‍ॅमेझॉनच्या जंगलावर हवेतच तुटलं. ९२ पैकी एकच वाचली, १७ वर्षांची युलियाना कोपके. खुर्चीला बांधलेली सुमारे तीन किलोमीटर खाली पडली आणि अकरा दिवस ओढ्याच्या कडेकडेने चालत माणसांपर्यंत पोचली. या घटनेत वीज हे शेवटचं कारण. पहिलं कारण वादळात जाण्याचा निर्णय. मी फर्स्ट ऑफिसरना हेच परत परत सांगतो. वादळी ढग वीस नॉटिकल मैल लांबून टाळायचा तो विजेच्या भीतीने नव्हे. त्यातल्या गारा काच फोडतात आणि त्यातला झोत विमान उचलून आपटतो. वीज त्या मानाने सौम्य.

केतकीचं_पान

युलियानाबद्दल वाचून अंगावर काटा आला. आईसोबत होती ना ती?

ढगाआड

हो. आई शेजारच्याच खुर्चीत होती. ती गेली. वडील आणि आई दोघेही त्या जंगलातले प्राणीशास्त्रज्ञ, म्हणून मुलीला ओढ्यामागे जायचं कळलं.

ग्रॅनाइट_गाव

स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनहून लिहितेय. नवरा तेलाच्या प्लॅटफॉर्मवर कामाला, त्यामुळे वर्षानुवर्षं हेलिकॉप्टर आणि हवामान या दोनच गोष्टींवर आमचं घर चालतं. उत्तर समुद्रात हिवाळ्यात विजा कमी चमकतात, पण विमानांवर मात्र पडतात. ढग बुटके, शून्याची रेषा अगदी खाली, आणि उडणारी सगळी यंत्रं नेमकी त्याच उंचीवर. मेघमापी यांनी लिहिलेलं इथे रोज दिसतं.

१९ जानेवारी १९९५ ची घटना इथल्या प्रत्येक कामगाराला माहीत आहे. सुपर प्यूमा हेलिकॉप्टर १६ कामगारांना घेऊन समुद्रात निघालं होतं. वीज पडली ती मागच्या पंख्याच्या कंपोझिट पात्यावर. पात्याचा तुकडा गेला, थरथर इतकी वाढली की काही मिनिटांनी मागचा गिअरबॉक्सच निखळला. वैमानिकाने शक्ती काढून घेतली, वरचा पंखा हवेवर फिरत ठेवला आणि खवळलेल्या समुद्रावर हेलिकॉप्टर उतरवलं. दोन वैमानिक धरून अठराही जण तराफ्यात चढले आणि अठराही घरी आले. मी आजवर वैमानिकांबद्दल जे काही वाचलंय, त्यात याला तोड नाही.

दुसरी घटना विसरता येत नाही ती उलट कारणाने. १६ जुलै २००२, नॉरफोकच्या किनाऱ्यापलीकडे एक सिकोर्स्की एस-७६ पडलं, अकरा जण गेले. मुख्य पंख्याचं पातं तुटलं होतं. चौकशीत निघालं की त्या पात्यावर १९९९ मध्ये वीज पडली होती. पातं तपासून, दुरुस्त करून परत वापरात आलं होतं. आत बनावटीतला एक दोष आधीपासून होता, विजेच्या उष्णतेने तिथून भेग सुरू झाली आणि तीन वर्षं कुणाला न दिसता वाढत राहिली. रात्रपाळी यांनी उशिराबद्दल लिहिलंय ना, त्यांना माझ्याकडून हात जोडून नमस्कार. आम्ही विमानतळावर थांबू, तुम्ही शांतपणे बघा.

आता विमानाची गोष्ट, आमच्याच विमानतळावरून सुटलेल्या. १५ डिसेंबर २०१४, अ‍ॅबर्डीन ते शेटलंडमधलं सम्बरा. साब २०००, आत ३३ जण. हवा वाईट म्हणून उतरणं सोडून विमान दक्षिणेला वळलं आणि तिथे वीज पडली. त्याआधी क्षणभर केबिनच्या पुढच्या भागात विजेचा गोळा दिसल्याचंही नोंदवलं गेलंय. वीज नाकापाशी शिरली, शेपटीतून गेली. विमानाचं फार काही बिघडलं नव्हतं. पण कॅप्टनने दांडा हातात घेतला, आणि तो मागे ओढतोय तर नाक हवं तसं वर येईना. दोघांना वाटलं की विजेने कंट्रोल गेले. विमान ४ हजार फुटांवरून नाक खाली करून सुटलं. मिनिटाला साडेनऊ हजार फूट या वेगाने खाली. समुद्रापासून ११०० फुटांवर ते सावरलं आणि अ‍ॅबर्डीनला परत आलं.

काय झालं होतं, ते ढगाआड यांनीच सांगावं. मला तांत्रिक भाषेत जमणार नाही.

ढगाआड

तुम्ही सांगितलंत त्यात तांत्रिक काही उरलेलं नाही. थोडीच भर घालतो.

ऑटोपायलट चालूच होता. कॅप्टनला वाटलं की तो सुटलाय. बहुतेक विमानांत दांडा जोराने ओढला की ऑटोपायलट सुटतो. त्या विमानात तसं नव्हतं. त्याला २ हजार फूट उंची दिलेली होती. कॅप्टन वर ओढतोय, विमान वर जातंय, आणि ऑटोपायलट "मला २ हजारांवर यायचंय" म्हणून ट्रिम, म्हणजे नाक वर-खाली धरून ठेवणारी यंत्रणा, खाली खाली फिरवतोय. दोघेही प्रामाणिकपणे विमान वाचवायच्या प्रयत्नात, एकमेकांविरुद्ध. पुढे एअर डेटाची, म्हणजे वेग-उंचीची, आकडेवारी विश्वासार्ह न राहिल्याने ऑटोपायलट आपोआप सुटला आणि विमान कॅप्टनच्या हातात आलं.

मला ही घटना कुठल्याही पेटलेल्या टाकीपेक्षा जास्त शिकवते. एवढा उजेड आणि आवाज झाल्यावर माणसाचं मन लगेच ठरवतं की काहीतरी मोडलंय. मग जे जे दिसतं ते त्या ठरवलेल्या गोष्टीत बसवत जातं. म्हणून विजेनंतरची पहिली दहा सेकंदं माझ्या मते फक्त वाचायची. ऑटोपायलट चालू आहे का? मोठ्याने म्हणायचं. विमान कुठल्या मोडमध्ये आहे? मोठ्याने. इंजिनं? मोठ्याने. बाजूच्याने दुजोरा द्यायचा. हात तोवर जिथे आहेत तिथे.

५ मे २०१९ ला मॉस्कोच्या शेरेमेत्येवोवर हेच दुसऱ्या रूपात दिसलं. सुखोई सुपरजेट, मुर्मान्स्कला निघालेलं, ७८ जण. उड्डाणानंतर काही मिनिटांत वीज पडली, ऑटोपायलट आणि रेडिओचा काही भाग गेला, विमान डायरेक्ट लॉ मध्ये आलं. म्हणजे संगणकाची मदत नाही, दांडा हलवाल तेवढंच आणि लगेच. विमान उडत होतं, इंजिनं चालत होती. भरलेल्या टाक्या घेऊन ते परत आलं, धावपट्टीवर आपटून उसळलं, पुन्हा आपटलं, चाकांचे दांडे मोडले, टाकी फुटली, आग लागली. ४१ जण गेले. विजेने विमान पाडलं नाही, विजेनंतरच्या उतरण्यात ते गेलं. त्या वैमानिकाला इथून दोष देणं मला जमणार नाही. पण डायरेक्ट लॉ मधलं उतरणं सिम्युलेटरमध्ये मनापासून करून घ्या, उरकून टाकू नका, एवढं मी प्रत्येक प्रशिक्षकाला सांगतो.

मेघमापी

शेवटच्या मुद्द्यावरून अपोलो १२ ही चांद्रमोहीम आठवली. १४ नोव्हेंबर १९६९, पावसात उड्डाण. साडेछत्तिसाव्या सेकंदाला एकदा आणि बावन्नाव्या सेकंदाला परत, असा यानाला दोनदा विजेचा फटका बसला. आसपास वीज चमकत नव्हती, रॉकेट आणि त्यामागच्या तप्त वायूच्या लांब शेपटीनेच ती ओढून घेतली. आतले जवळजवळ सगळे इशारे एकदम पेटले, जमिनीवरची आकडेवारी निरर्थक झाली. यानाचा कमांडर पीट कॉनराडचा हात मोहीम सोडून देण्याच्या मुठीवर होता, पण त्याने ती फिरवली नाही. ह्यूस्टनमध्ये जॉन अ‍ॅरन या तरुण अभियंत्याला आकड्यांचा तो विस्कटलेला नमुना जुन्या सरावातून ओळखू आला. त्याने "एससीई टू ऑक्स" एवढंच सांगितलं, म्हणजे यानातले आकडे तयार करणाऱ्या यंत्राचं बटण पर्यायी जागी फिरवा. ते बटण कुठे आहे हे यानातल्या अ‍ॅलन बीनला ठाऊक होतं. आकडे परत आले आणि ते चंद्रावर उतरून आले. सॅटर्न रॉकेटचा स्वतःचा मार्गदर्शक संगणक वेगळ्या जागी होता, तो मुळात बिघडलाच नव्हता.

धावपट्टीकाठ

वैमानिक, अभियंते, अंतराळवीर सगळे झाले. आमच्या लोकांबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. मी ग्राउंड हँडलिंगमध्ये, रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागेवर.

विमानात बसलेला माणूस विजेपासून सुरक्षित आहे. विमानाच्या खाली उभा असलेला नाही. पुशबॅकच्या वेळी, म्हणजे विमान मागे ढकलताना, आमचा पोरगा हेडसेटच्या वायरने विमानाला जोडलेला असतो. इंधन भरणारा नळी धरून असतो. त्या क्षणी विमानावर वीज पडली तर कवचावरून उतरून ती जमिनीकडे जाणार, आणि वाटेत तोच. म्हणून वीज जवळ आली की रॅम्प बंद करतात. सामान चढत नाही, इंधन भरत नाही, पुशबॅक नाही. आत प्रवासी घामाघूम होतात, बटण दाबून विचारतात, काही जण क्रूवर आवाज चढवतात. जून महिन्यात हे दर आठवड्याला.

एकच विनंती. खिडकीतून बघाल तेव्हा शेडखाली उभी असलेली पिवळ्या जॅकेटमधली पोरं दिसतील. ती आळशीपणाने थांबलेली नाहीत.

केतकीचं_पान

धावपट्टीकाठ दादा, हे खरंच कधी डोक्यात आलं नव्हतं. यापुढे शेजारी कुणी कुरकुरलं तर मी सांगेन.

पहिलं_सोलो

एक शेवटचा प्रश्न. आमच्या छोट्या सेस्ना विमानात रडार नाही, जाळी नाही, डायव्हर्टर नाही. क्रॉस कंट्रीला, म्हणजे लांबच्या सराव उड्डाणाला, निघालो आणि वाटेत क्युम्युलोनिंबस, गडगडाटी ढग, उभा राहिला तर?

ढगाआड

तर वळायचं. पुढे "बघू" नाही. लहान विमानाला विजेसाठी मोठ्या विमानांसारख्या चाचण्या झालेल्या नसतात. इंधनाची टाकी पातळ पत्र्याची, त्यात अ‍ॅव्हगॅस म्हणजे विमानाचं पेट्रोल, आणि त्याची वाफ जेट इंधनापेक्षा कितीतरी लवकर पेटते. त्यात ढगाखालचा झोत तुझ्या इंजिनाच्या ताकदीपेक्षा जास्त.

निघण्याआधी विदर्भाचा दुपारचा अंदाज बघ. मे महिन्यात दोन वाजल्यानंतर तिकडे ढग किती पटकन वाढतात, ते तुझे प्रशिक्षक सांगतीलच. सकाळची वेळ माग. वाटेत परतीसाठी कुठली धावपट्टी आहे ते नकाशावर आधीच खूण करून ठेव. ढगाच्या वर ऐरणीसारखा पसरलेल्या माथ्याखालून, निळं आकाश दिसतंय म्हणून, जायचं नाही. तिथूनही गारा पडतात. आणि रेडिओवर सांगायला लाजू नकोस की मी परत येतोय. तुझ्या लॉगबुकात तो तास कमी भरेल, एवढंच.

रात्रपाळी, तुम्हाला एक विचारायचं राहिलं. कंपोझिट विमानांवरची तपासणी अ‍ॅल्युमिनियमपेक्षा किती वेळ घेते? पुढच्या वर्षी मी त्या ताफ्यावर जातोय.

रात्रपाळी

वरून दिसणारी खूण लहान आणि आतला थर सुटलेला मोठा असू शकतो, म्हणून नुसत्या डोळ्यांवर भागत नाही. संशय आला की अल्ट्रासाउंड लावावा लागतो, आणि ते करणारा प्रमाणित माणूस प्रत्येक स्टेशनवर रात्री हजर नसतो. वेळ खरा तिथे जातो. तुम्ही एवढं करा : टेक लॉगमध्ये "नाकाजवळ" एवढंच न लिहिता उंची, तापमान, कुठल्या बाजूला उजेड दिसला, त्या वेळी फ्लॅप आणि चाकं बाहेर होती का, हे लिहा. चाकं बाहेर असतील तर आम्ही आधी त्यांच्या दारांकडे जातो. आणि केबिन क्रूला कुठल्या ओळीशी आवाज ऐकू आला ते विचारून ठेवा. त्यांच्या एका वाक्याने माझा तासभर वाचतो.